वहिनीचा उजवा हात

१

सकाळी साडेआठला लेकीला, खारूला, तळमजल्यावरच्या पाळणाघरात सोडायचं, तिच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट आहे ना ते बघायचं, लिफ्टपर्यंत जाऊन परत येऊन पुन्हा एकदा बघायचं, आणि मग तिसऱ्या मजल्यावर जाऊन तोंडावर ठिपके लावून घ्यायचे. असा तिचा दिवस सुरू व्हायचा. ठिपके काळे, तिळाएवढे, मोजून बावन्न. लावायच्या काकू. त्या नात्याने कुणाच्याच काकू नव्हत्या, पण ऑफिसात सगळे त्यांना काकूच म्हणत.

"हलू नकोस गं," काकू चिमट्याने ठिपका चिकटवत म्हणायच्या, "नाकावरचा गालावर गेला तर आपली वहिनी उद्या गालाने शिंकेल."

वहिनी म्हणजे मशीनने बनवलेली, पडद्यावरची बाई. तिसऱ्या मजल्यावरचा सगळा खटाटोप तिच्यासाठी होता. दवाखाना असो, बँक असो की म्हाताऱ्या माणसांचं घर, जिथे बोलायला माणूस नाही तिथे ही पडद्यात बसणार, हसणार, लाजणार, समोरच्याचं दुःख ऐकताना मध्येच गप्प होणार. तिला नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं. काकू एकदा "उठल्या का आमच्या वहिनीबाई?" म्हणाल्या आणि तेच चिकटलं.

"वहिनी आहे, मग भाऊ कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"भाऊ बनवायला घेतला की वहिनीला सासुरवास सुरू होईल. राहू दे एकटी, सुखी आहे," काकू म्हणाल्या.

खरं तर ती तिथे आली होती पाळणाघरात मदतनिसाचं काम मिळतंय का बघायला. शिक्षण सातवी. पण दारात ती रडणाऱ्या खारूची समजूत काढत असताना वरच्या साहेबांनी पाहिलं. हसताना ओठ किती केस वर गेला हेसुद्धा ते मोजायचे, म्हणून त्यांना मागून सगळे मोजपट्टी म्हणत. ते तिला म्हणाले, "शिकलेली माणसं कॅमेऱ्यासमोर चेहऱ्याला इस्त्री करून बसतात. तुमचा चेहरा चुरगळलेला आहे. मला तसाच हवाय."

हे कौतुक होतं की काय होतं, ते तिला कळलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो दोन दिवस हसत होता. "माझी चुरगळलेली बायको," म्हणाला.

काम सोपं होतं. सकाळी समोर बसवलेल्या अनोळखी माणसाशी बोलायचं, जे मनात येईल ते चेहऱ्यावर येऊ द्यायचं; ठिपक्यांवरून मशीन ते टिपायचं आणि वहिनी ते शिकायची. दुपारी काळोख्या खोलीत बसून वहिनीचे तुकडे बघायचे. माणूस वाटली तर हिरवं बटण दाबायचं, बाहुली वाटली तर तांबडं. वहिनीचा चेहरा निराळाच ठेवला होता, कुणासारखाच नाही. पण हसण्याआधी थांबणं हिचं, शब्दाच्या मध्ये आवंढा गिळणं हिचं. आपल्या अंगावरचा कपडा दुसऱ्या बाईने घातलेला बघावा तसं वाटायचं. त्याचीही सवय झाली.

२

तीन महिन्यांनी, एका दुपारी, तो हात आला.

तुकडा साधाच होता. वहिनी उभी राहून एका म्हाताऱ्याशी बोलत होती. त्याची गुडघेदुखी ऐकता ऐकता तिचा उजवा खांदा जरासा खाली झुकला आणि हात मांडीच्या बाजूला गेला. तळवा मागे, बोटं थोडी उघडी.

"अगं बाई!" शेजारच्या खुर्चीवरून काकू म्हणाल्या. "ही तर तू! रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की अशीच उभी राहतेस."

तिला स्वतःची ही सवय ठाऊकच नव्हती. पण पाहिल्याबरोबर पटली. बोलण्यात लक्ष असलं तरी हात आपोआप खाली जातो आणि खारू येऊन त्यातली दोन बोटं धरते. बघावं लागत नाही. तिला हसू आलं. तिने हिरवं दाबलं.

तुकडा अजून संपला नव्हता.

वहिनीच्या हातात कुणाची बोटं आली नाहीत. येणार कुठून? मग वहिनीची बोटं एकदा मिटली. पुन्हा उघडली. दुसऱ्यांदा मिटली, या वेळी जरा घाईने. मग तिने तळवा कमरेवर पुसला, घाम पुसावा तसा, आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "शेकून बघितलंत का?"

तिने तांबडं दाबलं. तुकडा पुन्हा लावला. पुन्हा तांबडं. तिसऱ्यांदा लावला तेव्हा काकूंनी तिच्या हाताला धरलं. "मशीनवर कसला राग काढतेस?"

"काकू, हे मी कधी केलंय?"

"काय?"

"मूठ मिटणं. पुसणं. मला कधी करावं लागलंय?"

काकूंनी चष्मा काढला आणि उगाचच पदराने पुसत बसल्या.

३

मोजपट्टी साहेबांनी सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांना समजावून सांगायला आवडायचं.

"सुरुवातीला पाळणाघराला रंग देत होते, आठवतं? नऊ दिवस मुलगी तुमच्याजवळ वरच होती."

आठवत होतं. खारू साडेतीन वर्षांची. गालात काहीतरी भरून ठेवायची आणि एका जागी ठरायची नाही, म्हणून खारू. पण त्या नऊ दिवसांत बिचारी आईचं बोट धरून तासन् तास उभी राहिली होती. फक्त बाहेर लिफ्टची घंटी वाजली की पळायची दाराकडे.

"चित्रात दुसरं माणूस चालत नाही," साहेब म्हणाले. "मशीन गोंधळतं. म्हणून तिला पुसून टाकलं."

"पुसलं?"

"चित्रातून हो! एकेक चित्र घेऊन काकूंनी पुसलं. सव्वा महिना लागला त्यांना. तुमचा हात मात्र ठेवला, हात तुमचा आहे ना."

म्हणजे मशीनने नऊ दिवस काय पाहिलं? एक बाई हात खाली नेते आणि तिथे कुणी नाही.

"आणि पुढचं वहिनीने स्वतःच शोधून काढलं," साहेबांच्या आवाजात घरच्या पोराचा पहिला नंबर आल्यासारखं कौतुक होतं. "ती पुढे पुढे जात असते. आज हे केलं तर उद्या काय करेल, परवा काय करेल. हातात मूल यायला हवं आणि येत नाही, अशी बाई पुढे कशी होत जाईल? हे आम्ही शिकवलेलं नाही. शिकवताही आलं नसतं. शंभरातल्या त्र्याण्णव लोकांनी हिरवं दाबलंय."

"साहेब, तिला परत घाला ना चित्रात. माझ्या मुलीला."

"पुसलेलं परत येत नाही. मूळ चित्रं आम्ही ठेवत नाही, जागा किती लागते!" मग तिचा चेहरा बघून ते नरमले. "अहो, तुमची मुलगी खाली खेळतेय. जा, बघून या हवं तर."

ती गेली. खारू डोक्यावर प्लास्टिकचा पेला ठेवून तोल सांभाळत उभी होती. आईला बघून हसली आणि पेला पडला.

वर आल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "मला सांगितलं म्हणून मी पुसलं गं. केस गेले, फ्रॉक गेला, पाय गेले, काही वाटलं नाही. बोटं पुसताना मात्र जीव मेटाकुटीला आला. घट्ट धरली होती पोरीने."

४

दर सोमवारी वहिनीची कानचाचणी असायची. चाळीस आवाज ऐकवायचे. माणूस प्रत्येक आवाजाला काहीतरी दाद देतो. कप फुटला की पापणी लवते, कुत्रं भुंकलं की मान अर्धी वळते. वहिनी कशाला किती दाद देते ते मोजायचं.

त्या सोमवारी वहिनी खुर्चीत बसून एका पोक्त बाईशी बोलत होती. कप फुटला, पापणी लवली. कुत्रं भुंकलं, मान वळली. अकरावा आवाज लिफ्टचा होता. टिंग.

वहिनी उभी राहिली.

बोलणं अर्ध्यावर टाकून, खुर्ची मागे ढकलून उभी राहिली आणि दाराकडे बघू लागली. हात खाली. मूठ एकदा, दोनदा. आणि चेहरा. तो चेहरा हिने कधी केला नव्हता. तरीही तो हिचाच होता. भुवई कशी ओढली जाते, खालचा ओठ कसा दाताखाली जातो, सगळं हिचं. फक्त ते हिच्या बाबतीत अजून घडायचं होतं.

मग वहिनीने तळवा कमरेवर पुसला, खाली बसली आणि म्हणाली, "हं, काय म्हणत होतात?"

त्या दिवशी घरी जाताना तिने मनाशी सगळा हिशोब जुळवला. खारू लिफ्टच्या घंटीला पळायची. म्हणजे त्या नऊ दिवसांत घंटी वाजली की हिचा हात सुटत असणार, हिची नजर दाराकडे जात असणार. खारूला पुसलं, नजर राहिली. मशीनने तीच उचलली. यात भुताटकी कसली? सरळ साधी गोष्ट. दुसरी एखादी असती तर तिने तिथेच विषय सोडला असता.

तिने लिफ्ट सोडली. दुसऱ्या दिवसापासून ती जिन्याने जाऊ लागली. खारूला लिफ्टच्या बाजूलाही फिरकू देईना.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. त्याला हे कळल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "लिफ्टवाल्याची बायको जिन्याने चढते! उद्या मला काम कोण देईल? लोक म्हणतील, याच्या घरच्यांचाच याच्यावर विश्वास नाही."

"तुमच्यावर आहे हो. लिफ्टवर नाही."

"मग काय खारूलाही जिन्याने वाढवणार आहेस?"

खारूला यातला विनोद काय कळला कोण जाणे, ती पोट धरून हसली. लेकीचं हसणं ऐकून तिलाही बरं वाटलं.

५

पुढच्या सोमवारी लिफ्टची घंटी वाजली. वहिनीने पापणीसुद्धा हलवली नाही.

तिचा जीव भांड्यात पडला. तेविसावा आवाज होता जिन्याचं लोखंडी दार आपटल्याचा. खण्ण. वहिनी उभी राहिली.

"मशीन आहे, आज इथे बिघडलं, उद्या तिथे," काकू म्हणाल्या. पण त्यांचा आवाज खाली गेला होता.

पाळणाघराला रस्त्याकडूनही एक दार होतं. ती खारूला तिथून सोडू लागली. ना लिफ्ट, ना जिना. आठवड्याने जिन्याचं दार आपटलं तेव्हा वहिनी शांत होती. ट्रक मागे घेताना वाजतो तो आवाज आला, आणि ती उभी राहिली.

मग तिने खारूचं पाळणाघरच बंद केलं. सासूबाईंना बोलावून घेतलं. खारू घरी, आजीपाशी, तिसऱ्या माळ्यावर, खिडक्यांना गज. आता कुठला ट्रक येतोय तिसऱ्या माळ्यावर? पुढच्या सोमवारी ट्रकचा आवाज वाजून गेला. वहिनी हसतच होती. बत्तिसावा आवाज नळाखाली बादली भरल्याचा होता.

उंदराचं एक बीळ बुजवावं तर तो दुसरीकडून तोंड काढतो, तसं चाललं होतं. तिने जे टाळलं ते वहिनी विसरायची आणि नवीन काहीतरी ऐकायची. आवाज बदलत होता. हात तसाच होता.

घरी येऊन तिने मोरीतल्या सगळ्या बादल्या उपड्या करून ठेवल्या. सासूबाईंनी दोन दिवस सोसलं, तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं. "अगं, पोरीला आंघोळ काय कोरडीच घालायची? आम्हीपण मुलं वाढवली हो. मन चिंती ते वैरी न चिंती."

नवऱ्यासमोर तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो या वेळी हसला नाही. ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काखेत कळसा अन् गावाला वळसा. पोरगी तुझ्या मांडीवर बसलीये आणि तू तिला शोधत फिरतेस."

खारू खरोखरच मांडीवर बसली होती, गालात काहीतरी भरून.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "वहिनीला खारू माहीतच नाही. तिच्यासाठी खारू कधी नव्हतीच. मग ती दर वेळी घाबरते कुणासाठी?"

त्याने खारूला उचलून खांद्यावर घेतलं आणि घरभर फिरवलं.

६

त्यानंतरच्या सोमवारी बादली भरली, वहिनी बसून राहिली. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. वहिनी एकदाही उठली नाही. काकूंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "सुटलीस बघ!"

"थांबा, नवीन आलेत काही," मोजपट्टी साहेब म्हणाले. "बाहेरून मागवलेत. एक्केचाळीस."

सुस्स्. आणि मग, मऊ, ठप.

एवढाच आवाज. कुणीतरी कोंडलेला श्वास सोडून तोंड मिटावं तसा. त्यात भिण्यासारखं काहीच नव्हतं.

वहिनी अशी उठली की खुर्ची पडली. हात खाली गेला, मूठ मिटली, मिटली. मान इकडे वळली, तिकडे वळली. तोंड उघडलं आणि त्यातून हाक यायला हवी होती, पण वहिनीला कुणाचं नावच ठाऊक नव्हतं. उघडं तोंड तसंच राहिलं. बराच वेळ. मग तळवा कमरेवर घासला गेला, एकदा, दोनदा, पुसतच राहिला.

साहेब पुढे वाकून बघत होते. "काय आहे हे!" ते पुटपुटले. "शंभरपैकी शंभर येणार याला."

"कसला आवाज आहे हा?" तिने विचारलं.

"दाराचा असेल. पंपाचा असेल. नुसते आकडे येतात, वर नाव नसतं."

तिने तोंडावरचे ठिपके तिथेच ओरबाडून काढले. काकू "अगं, कातडी निघेल" म्हणत राहिल्या. उद्यापासून मी येणार नाही, असं तिने साहेबांना सांगितलं. तिला वाटलं होतं, ते अडवतील, चिडतील. ते उठून उभे राहिले आणि अगदी अदबीने म्हणाले, "तुमच्याकडून हवं ते मिळालंय आम्हाला. आता ती तुमच्याशिवायही तुमच्यासारखीच पुढे जात राहील."

घरी बसून ती तो आवाज शोधू लागली. कुकरची शिट्टी? नाही, ती किंचाळते. सायकलचा पंप? तो धापा टाकतो. बसचं दार जवळपास तसं वाजायचं, पण शेवटी खडखडायचं. तरी तिने बस सोडली. कुणाच्या घरी गेली की आधी दारं उघडून लावून बघायची. घरचे लोक चहा घेऊन यायचे तर ही दाराशी कान लावून उभी.

असे चार महिने गेले. खारू चार वर्षांची झाली. आवाज कुठेच आला नाही. हळूहळू तिचं वजन वाढलं, हसणं परतलं. एके दिवशी तिच्या लक्षात आलं की आज आपण पाण्याच्या बाटलीचं झाकण एकदाच बघितलं.

७

मंगळवारी खारूचा कान दुखायला लागला. दोन दिवस कपडा गरम करून शेकला. तिसऱ्या दिवशी सकाळी उशीवर पिवळा डाग दिसला. नवरा कुठल्यातरी अडकलेल्या लिफ्टवर गेला होता, सासूबाई आपल्या गावी. दवाखान्यात जाण्यावाचून इलाज नव्हता.

दवाखाना ओळखीचा. खारूची सगळी इंजेक्शनं तिथेच झालेली. जुनं लाकडी दार होतं, कडी मोडकी, पायाने ढकलावं लागायचं. वीस मिनिटं दोघी चालत गेल्या, खारूची बोटं तिच्या हातात घट्ट.

दवाखाना नवा करून घेतला होता. भिंती पांढऱ्या, लाकडी दार गेलेलं, त्या जागी नुसती रुंद मोकळी वाट. आणि वाटेच्या मधोमध पाण्याने भरलेली बादली.

तिने खारूची बोटं आणखी घट्ट धरली.

"बादलीला वळसा घालून या बाई, ओलं आहे," फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या.

तिने खारूला दुसऱ्या बाजूला घेतलं. नजर बादलीवरून हलवली नाही. बादलीपासून दहा पावलं लांब जाईपर्यंत तिने श्वास सोडला नाही. बादली तिथे कशाला ठेवली आहे, कुठलं सरकतं दार अडवून ठेवते आहे, हे बघायचं राहूनच गेलं.

आत नाव लिहून घेणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांच्या जागी माणसाएवढा पडदा उभा होता. बाकावर एक आजोबा झोपले होते. डॉक्टरांच्या खोलीचं दार बंद.

"या ना," पडद्यावरची बाई म्हणाली. म्हणण्याआधी जराशी थांबली. शब्दाच्या मध्ये आवंढा गिळला. "कुणाला बरं नाहीये?"

ती जागीच उभी राहिली. मग तिने पहिल्यांदा बघितला तो उजवा खांदा. बघत राहिली. खांदा झुकला नाही. वहिनी दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत बसली होती. विसरली एकदाची, तिच्या मनात आलं. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तिला वहिनीची थोडी दयाही आली. एकाच घरात राहून गेलेल्या माणसाची यावी तशी.

तिने मुलीचं नाव सांगितलं, वय सांगितलं. कान दुखतोय म्हणून सांगितलं. वहिनीची भुवई अगदी हिच्यासारखी ओढली गेली.

"औषधांचा जुना कागद खालच्या काचेवर ठेवा. आणि दोन्ही अंगठे टेकवा."

दोन्ही.

"खारू, माझा कपडा धर," ती म्हणाली. "सोडायचा नाही हं."

गुडघ्यापाशी कपडा ओढला गेला. लहान मुठीचा ताण. तो तिला नीट जाणवला. तिने अंगठे काचेवर टेकवले.

"थोडं थांबा," वहिनी म्हणाली.

मागे बादलीची कडी वाजली. "झालं बाई एकदाचं," मावशी स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांच्या चपला कुठल्याशा दारातून आत गेल्या.

सुस्स्. ठप.

इतकं हळू की वहिनीनेच निःश्वास टाकला असं तिला वाटलं. पण मागून येणारा रस्त्याचा आवाज सुरीने कापावा तसा थांबला होता. खोलीत फक्त आजोबांचा घोरण्याचा आवाज.

गुडघ्यापाशी कपडा ओढलेला होता. होता ना? की मघाशी ओढला होता ते अजून आठवत होतं? ती दोन्ही अंगठे काचेवर दाबून तेवढंच ओळखायचा प्रयत्न करत राहिली.

वहिनीची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली, दाराकडे. फक्त नजर. वहिनी उठली नाही. नजर परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचं दुःख ऐकताना मध्येच गप्प होण्याचा तो भाव होता. तो शिकवायला किती दिवस लागले होते.

"एकट्याच आलात का?" वहिनीने विचारलं.

कॅमेरा वर बसवलाय, तिने स्वतःला सांगितलं. मोठ्या माणसाच्या उंचीला. खारू ठेंगणी, तिला दिसत नसणार. एवढंच आहे. दुसरं काही नाही.

"एकटी कशी?" ती हसली. हसण्याआधी जराशी थांबली. "ही काय माझी..."

तिने उजवा हात काचेवरून काढला. खांदा झुकला. हात मांडीच्या बाजूला गेला, तळवा मागे, बोटं थोडी उघडी. खाली बघितलं नाही. खाली कधी बघावं लागत नाही, बोटं येतातच.

तिची बोटं एकदा मिटली.

ती हसतच होती. वहिनी तिच्याकडे बघत होती. बोटं पुन्हा उघडली. मग दुसऱ्यांदा मिटली, जरा घाईने.

तळव्याला घाम आला होता. पुसायचा नाही, ती स्वतःला म्हणाली. काही झालं तरी आता हा पुसायचा नाही.